मॅलेट घराण्याचा माग : इंग्लिश जमीनदार कुळाची वंशावळ कशी तपासावी

माथेरानच्या जंगलात 'मॅलेट स्प्रिंग' नावाचा झरा आहे. ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट मे १८५० मध्ये चौक गावाकडून हा डोंगर चढले आणि पुढे माथेरान थंड हवेचे ठिकाण झाले. त्यांचे वडील सर चार्ल्स वॉर मॅलेट हे १७८६ ते १७९७ या काळात पुण्यात, पेशव्यांच्या दरबारी कंपनीचे रेसिडेंट होते. टिपूविरुद्धच्या १७९० च्या तहाचे, सवाई माधवराव आणि मॅलेट यांच्या दरबारी भेटीचे मोठे चित्र थॉमस डॅनियलने १८०५ मध्ये पुरे केले. ते लंडनच्या टेट संग्रहात आहे.

या घराण्याची जुनी समजूत अशी की मूळ पुरुष विल्यम मॅलेट १०६६ मध्ये नॉर्मंडीहून विल्यम राजाबरोबर इंग्लंडात उतरला, आणि माथेरानचे मॅलेट त्याचेच वंशज. १०६६ ते १८५० म्हणजे पावणेआठशे वर्षे. यातली किती वर्षे कागदावर उभी राहतात आणि किती नुसत्या समजुतीवर, हे पाहायची एक ठरलेली रीत आहे. ती इंग्लंडातल्या कोणत्याही जमीनदार कुळाला लागू पडते. मॅलेट हे उदाहरण इथे घेतले आहे, कारण त्यांच्यात जवळजवळ प्रत्येक अडचण सापडते.

आधी हे घराणे कोणत्या थरातले ते पाहू. इंग्लंडात लॉर्ड मंडळींच्या खाली आणि साध्या शेतकऱ्याच्या वर जो जमीनदार वर्ग होता त्याला 'जेंट्री' म्हणतात. गावात मोठा वाडा, कुळांकडून येणारा खंड, चर्चमध्ये पूर्वजांच्या समाध्या, ढालीवर कुळाचे मानचिन्ह. कागदात नावापुढे 'नाइट', 'एस्क्वायर' किंवा 'जेंटलमन' लिहिलेले असते. बॅरोनेट ही १६११ मध्ये सुरू झालेली पदवी मुलाकडे जाते, पण तिने कोणी लॉर्ड होत नाही आणि उमरावांच्या सभागृहात बसायला मिळत नाही. चार्ल्स मॅलेटना ती १७९१ मध्ये मिळाली. या वर्गाचे कागद भरपूर आहेत, कारण त्यांच्याकडे जमीन होती आणि जमिनीसाठी भांडणे होती. पण त्याच कारणाने खोटेही भरपूर आहे. आपल्याकडे वतनाच्या तंट्यात जशा सोयीच्या वंशावळी मांडल्या जात, तशाच तिकडे मानासाठी आणि वारशासाठी मांडल्या गेल्या.

म्हणून पहिला नियम: छापील वंशावळ हा दावा आहे, पुरावा नाही. एकोणिसाव्या शतकात जमीनदार घराण्यांचे जाडजूड कोश निघाले. त्यांतली माहिती बहुतेक त्या-त्या घराण्यानेच पुरवलेली होती. होरेस राउंड या इतिहासकाराने त्यांतल्या कित्येक बनावट मुळांचा पुढे निर्दयपणे समाचार घेतला. मॅलेटांचाही १८८५ साली छापलेला कुलवृत्तांत आहे. तो चार्ल्सचे पुत्र आणि मुंबई इलाख्यातले निवृत्त मुलकी अधिकारी आर्थर मॅलेट यांनी संकलित केला. त्यांनी स्वतः पाहिलेल्या माणसांबद्दलची माहिती मोलाची आहे. बाराव्या शतकाबद्दलच्या माहितीला मात्र वेगळा कागद हवाच.

नव्याकडून जुन्याकडे

काम नेहमी माहीत असलेल्या माणसापासून सुरू करून एकेक पिढी मागे जायचे. १०६६ पासून खाली येऊ गेलात तर वाटेत भेटणारा प्रत्येक मॅलेट आपलाच वाटतो. प्रत्येक पायरीला प्रश्न एकच असतो: हा त्याचा मुलगा, हे त्या काळचा कोणता कागद सांगतो?

इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली. सूची तिमाहीवार आहे आणि तिमाही नोंदणीची असते, जन्माची नव्हे. डिसेंबरअखेर जन्मलेले मूल म्हणूनच पुढच्या वर्षाच्या मार्च तिमाहीत सापडते. पहिली पावणेचार दशके नोंद न केल्याचा दंड आईवडिलांना व्यवहारात लागत नव्हता. तो १८७५ पासून लागू झाला, त्यामुळे त्याआधीची काही मुले सूचीत नसतातच. आईचे माहेरचे आडनाव जुन्या सूचीत १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासून येते. जनरल रजिस्टर ऑफिसच्या आजच्या ऑनलाइन सूचीत ते १८३७ पासूनच घातले आहे, म्हणून शोध तिथूनच सुरू करावा. भावंडांचा गट एका बैठकीत हाती लागतो.

जोडीला जनगणना. नावनिशीवार पाने १८४१ पासून १९२१ पर्यंत उघडी आहेत. १८४१ च्या पानावर मोठ्या माणसांचे वय पाचाच्या पटीत खाली आणलेले असते, म्हणजे ३९ वर्षांचा माणूस ३५ चा दिसतो. शिवाय घरातल्यांचे एकमेकांशी नाते दिलेले नसते. ते १८५१ पासून मिळते. १९३१ ची इंग्लंड-वेल्सची पाने आगीत जळाली, १९४१ ला युद्धामुळे गणना झालीच नाही. ही पोकळी सप्टेंबर १९३९ च्या राष्ट्रीय नोंदवहीने काही प्रमाणात भरते.

ह्यू मॅलेट १८०८ चे, म्हणजे सरकारी नोंदणीच्या आधीचे. इथून मागे चर्चची पॅरिश रजिस्टरे. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गाव-परिसर. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवायचा हुकूम दिला. आरंभीची बरीच पुस्तके साध्या कागदावर होती. १५९८ मध्ये ती चामड्यावर उतरवायला सांगितले, आणि हुकुमात 'विशेषतः १५५८ पासून' असे शब्द असल्याने अनेक गावांनी आधीची वीस वर्षे सोडून दिली. त्याच वेळेपासून वर्षाला एक प्रत बिशपकडे जाऊ लागली. मूळ पुस्तक वाळवीने किंवा ओलीने गेले असेल तर ही प्रत कामी येते, आणि दोन्ही असतील तरी दोन्ही पाहावीत. नक्कल करणारा कधी नाव गाळतो, कधी जास्तीचा तपशील लिहून ठेवतो. १६४२ ते १६६० या यादवीच्या आणि राजाविना गेलेल्या काळात नोंदी विस्कळीत आहेत. तिथे साखळी तुटली तर हताश व्हायचे कारण नाही, जमिनीचे कागद शोधायला लागायचे.

बाप्तिस्म्याची तारीख म्हणजे जन्मतारीख नव्हे, हे सारखे विसरले जाते. काही दिवसांचा फरक नेहमीचा, पण सगळी भावंडे एका दिवशी बाप्तिस्म्याला नेल्याचीही उदाहरणे असतात.

जानेवारी कोणत्या वर्षातला?

इंग्लंडात १७५१ पर्यंत कायद्याचे वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले २४ दिवस जुन्याच वर्षात मोडत. सॉमरसेटमधल्या एनमोर जहागिरीची वारसदार एलिझाबेथ मॅलेट आणि रॉचेस्टरचा अर्ल जॉन विल्मट यांचा विवाह आपल्या हिशेबाने २९ जानेवारी १६६७ चा, पण त्या काळच्या कारकुनाच्या लेखी तो १६६६ चा. अशी तारीख १६६६/७ अशी दुहेरी लिहावी, म्हणजे पुढच्या माणसाचा गोंधळ होत नाही. ही काळजी न घेतल्याने चांगल्या घरातली मुले कागदावर अनौरस ठरली आहेत: लग्न एप्रिल १६६६, पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा जानेवारी १६६६. वाचणारा दचकतो, पण तो जानेवारी एप्रिलनंतर नऊ महिन्यांनी आलेला असतो. १७५२ मध्ये वर्षारंभ १ जानेवारीला आला आणि त्याच वर्षी २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला.

लग्नांबाबत १७५४ ची रेघ लक्षात ठेवावी. त्या वर्षी २५ मार्चपासून विवाह चर्चमध्येच, जाहीर पुकारा करून किंवा परवाना घेऊन, आणि साक्षीदारांच्या सह्यांनिशी करणे बंधनकारक झाले. त्याआधी चोरून केलेली लग्ने पुष्कळ होत, लंडनच्या फ्लीट तुरुंगाभोवती तर त्यांचा बाजारच भरे. जेंट्रीला गावापुढे तीन रविवार पुकारा नको असे, म्हणून ते पैसे भरून परवाना काढत. विवाहाची नोंद सापडत नसेल तर परवान्यासाठी दिलेले शपथपत्र आणि हमीपत्र शोधावे. त्यात वय, राहण्याचे ठिकाण, वधू लहान असेल तर वडिलांची संमती असते. परवाना काढला म्हणजे लग्न झालेच असे मात्र नाही.

मृत्युपत्र आणि एक्सिटरचा बॉम्ब

एका घराण्याचे सगळ्यांत जास्त नातेसंबंध एका कागदात मिळतात ते मृत्युपत्रात. १२ जानेवारी १८५८ पासून मृत्युपत्रे सरकारी प्रोबेट कचेरीत सिद्ध होतात आणि त्यांची वर्षवार छापील सूची आहे. त्याआधी हे काम चर्चच्या न्यायालयांचे होते, आणि ती न्यायालये अनेक होती. मालमत्ता एकाहून अधिक बिशपांच्या हद्दीत पसरलेली असली की प्रकरण कँटरबरीच्या आर्चबिशपच्या प्रेरॉगेटिव्ह न्यायालयात जाई. त्याची १३८४ ते १८५८ पर्यंतची नोंदपुस्तके लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय दफ्तरखान्यात आहेत, मालिका प्रॉब ११.

मॅलेट मूळचे सॉमरसेटचे. त्या परगण्याची स्थानिक न्यायालयांतली मृत्युपत्रे एक्सिटरला ठेवली होती आणि मे १९४२ च्या जर्मन बॉम्बहल्ल्यात ती जळून गेली. डेव्हनचीही तीच गत झाली. सॉमरसेटचे कुळ शोधणाऱ्याला ही मोठीच हानी आहे. तरी तीन वाटा उरतात. श्रीमंतांची मृत्युपत्रे कँटरबरीच्या न्यायालयात गेलेली असल्याने ती क्यूला शाबूत आहेत. १८१२ ते १८५७ मधल्या मृत्युपत्रांच्या ज्या नकला वारसाकरासाठी लंडनला गेल्या होत्या त्या आता स्थानिक दफ्तरखान्यांत परत आल्या आहेत. आणि जळण्याआधी एकोणिसाव्या शतकात फ्रेडरिक ब्राउन नावाच्या पाद्र्याने सॉमरसेटच्या मृत्युपत्रांचे सारांश काढून ठेवले होते, ते छापील स्वरूपात मिळतात.

मृत्युपत्र वाचताना शब्दांचे जुने अर्थ माहीत नसले तर वंशावळच चुकते. 'कझिन' म्हणजे जवळपास कोणताही नातलग, पुतण्या-भाचीसुद्धा. 'सन-इन-लॉ' म्हणजे जावई असेलच असे नाही, सावत्र मुलगाही असतो. 'ब्रदर' मध्ये मेहुणा आणि साडूही येतात. लॅटिन कागदातल्या 'नेपोस'चा अर्थ नातू की पुतण्या, हे संदर्भावरून ठरवावे लागते. 'सीनियर' आणि 'ज्युनियर' एका गावातल्या एकाच नावाच्या मोठ्या-लहान माणसांना लावत, ते बापलेक असतीलच असे नाही. 'मिसेस' ही अठराव्या शतकापर्यंत प्रतिष्ठित कुमारिकेलाही लावायची बिरुदावली होती. 'इन्फंट' म्हणजे तान्हे मूल नव्हे, एकवीस वर्षांच्या आतले कोणीही. आणखी एक: थोरल्या मुलाला मृत्युपत्रात काहीच दिले नसेल तर बापाचा राग धरायची घाई करू नये. जमीन त्याला विवाहकरारानेच आधी मिळालेली असते. म्हणून विवाहकरारही शोधावा. त्यात वर-वधूचे दोन्ही बाप, विधवेची नेमणूक आणि धाकट्या मुलांचे वाटे असे सगळे असते.

मधली नावेही बोलतात. इंग्लिश जमीनदार घराण्यांत मधले नाव बहुधा कोणाचे तरी आडनाव असते. चार्ल्सच्या आईचे माहेर सेंट लो, आणि त्यांच्या एका मुलाचे नाव चार्ल्स सेंट लो. थोरले पुत्र अलेक्झांडर यांच्या मुलाचे नाव हेन्री चार्ल्स ईडन मॅलेट. या 'ईडन'चा माग काढला की आजी सापडते: अलेक्झांडरची पत्नी मेरियन स्पॉल्डिंग, तिची आई माहेरची ईडन. ही आई विधवा झाल्यावर लॉर्ड ब्रूमशी लग्न करून गेली, म्हणून मेरियन ही ब्रूमची सावत्र मुलगी. जुन्या पत्रात तिला त्याची 'डॉटर-इन-लॉ' म्हटलेले दिसले तर आता नवल वाटू नये. मात्र मधले नाव हा सुगावा आहे, पुरावा नव्हे. ते धर्मपित्याचे किंवा उपकारकर्त्याचेही असू शकते.

हेराल्ड, चौकशा आणि १२१५ ची खिंड

सोळाव्या-सतराव्या शतकात राजाचे मानचिन्ह-अधिकारी, म्हणजे हेराल्ड, परगण्या-परगण्यांत फिरून मानचिन्ह लावायचा हक्क कोणाला आहे हे तपासत आणि घराण्याची वंशावळ लिहून घेत. या फेऱ्यांना व्हिजिटेशन म्हणतात. पहिली १५३० ची, आणि १६८८ नंतर त्या बंद पडल्या. सॉमरसेटची १६२३ ची फेरी हार्लियन सोसायटीने छापली आहे. सांगणारा माणूस आपला बाप, आजोबा, चुलते यांबद्दल सहसा बरोबर असतो. पणज्याच्या मागे जे आहे ते ऐकीव. शिवाय छापील प्रतींत पुढच्या नकलाकारांनी घातलेल्या भरी असतात. अधिकृत मूळ प्रत लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्समध्ये, म्हणजे हेराल्डांच्या कचेरीत, असते.

त्याहून मागे सर्वांत भरवशाचा कागद म्हणजे मृत्यूनंतरची चौकशी, 'इन्क्विझिशन पोस्ट मॉर्टेम'. राजाकडून थेट जमीन धरणारा माणूस मेला की स्थानिक पंच शपथेवर सांगत: कोणती जमीन, मृत्यू कोणत्या दिवशी, वारस कोण, त्याचे वय किती. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून सतराव्याच्या मध्यापर्यंत या चौकशा मिळतात. 'वय एकवीस व अधिक' याचा अर्थ फक्त सज्ञान, तो पन्नाशीचाही असेल. हे कागद लॅटिनमध्ये आहेत. न्यायालयांतले लॅटिन १७३३ मध्ये बंद झाले. जेकोबस म्हणजे जेम्स, ह्यूगो म्हणजे ह्यू, एजिडियस म्हणजे जाइल्स, एवढे पाठ असले तरी बरेच काम होते. आडनाव एक 'ल' की दोन, शेवटी एक 'ट' की दोन, सगळी रूपे शोधावीत.

आता मॅलेटांची खरी खिंड. सॉमरसेटमधल्या करी मॅलेटचा विल्यम मॅलेट हा १२१५ च्या मॅग्ना कार्टाची हमी घेणाऱ्या पंचवीस सरदारांपैकी एक. परगण्यातली करी मॅलेट आणि शेप्टन मॅलेट ही गावे या कुळाचेच नाव सांगतात. पण या विल्यमच्या मागे मुलीच राहिल्या आणि जहागीर त्यांच्यात वाटली गेली. म्हणजे पुढचा कोणीही मॅलेट पुरुषपरंपरेने त्याचा वंशज असू शकत नाही. फार तर त्याच्या भाऊबंदांचा असेल, आणि तो भाऊबंद कोण ते कागदाने दाखवावे लागेल. त्याच्याही मागे, १०६६ च्या विल्यमशी सॉमरसेटच्या शाखेचे नाते हा इतिहासकारांत वादाचा विषय आहे. १०६६ चा तो विल्यम आणि त्याचा मुलगा रॉबर्ट यांचे ठाणे सफोकमधले आय, सॉमरसेट नव्हे. केवळ आडनाव एक म्हणून दुवा जोडणे ही या कामातली सर्वांत जुनी चूक आहे.

गंमत बघा, १२१५ च्या विल्यमच्या हेलेवाइज नावाच्या मुलीचा नवरा होता ह्यू पॉइंट्झ. साडेपाचशेहून अधिक वर्षांनी चार्ल्सच्या मुलाचे नावही ह्यू पॉइंट्झ. यावरून फार तर घराणे आपला इतिहास कसा समजत होते एवढेच सुचते, रक्ताबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

लांब वंशावळीला एक साधा काटा लावता येतो. बाप-मुलाचे सरासरी अंतर तीस वर्षांच्या आसपास धरा. १२१५ पासून १८०८ पर्यंत ५९३ वर्षे, म्हणजे साधारण वीस पिढ्या. कोणी चौदाच दाखवल्या तर दर पिढीला बेचाळीस वर्षे पडतात: कुठेतरी एकाच नावाचे दोघे बापलेक एक झाले आहेत. सव्वीस दाखवल्या तर कुठेतरी भाऊ भावाचा मुलगा झाला आहे. बाल्डविनसारखे नाव पिढ्यानपिढ्या फिरणाऱ्या घराण्यात ही तपासणी चुकवू नये.

खाली उतरताना

वंशज शोधणे हे उलटे काम आहे, आणि इथे मुली निसटतात. पदवीचे कोश फक्त पदवी जिकडे गेली ती वाट दाखवतात. अलेक्झांडरनंतर पदवी हेन्रीकडे, मग १९०४ मध्ये धाकट्या भावाकडे, बर्लिनमधले राजदूत राहिलेल्या एडवर्ड बाल्डविन मॅलेटकडे. ते १९०८ मध्ये निपुत्रिक वारले आणि पदवी चुलत शाखेत गेली. पदवीची रेघ अशी वळली म्हणून बाकीच्या शाखा संपत नाहीत. एनमोरची जमीनही एलिझाबेथबरोबर विल्मटांकडे गेली, तरी मॅलेट आडनाव धाकट्या शाखांत चालूच राहिले. चार्ल्स त्यांतलेच, कूम फ्लोरीच्या पाद्र्याचे पुत्र.

प्रत्येक मुलासाठी एक ओळ उघडावी आणि ती मृत्यू, विवाह किंवा परदेशगमन यांपैकी काहीतरी सापडेपर्यंत बंद करू नये. धाकटे मुलगे चर्च, वकिली, सैन्य आणि कंपनीच्या नोकरीत जात. पाद्र्यांसाठी १५४० ते १८३५ चा ऑनलाइन धर्मोपदेशक कोश, वकिलांसाठी इन्स ऑफ कोर्टची, म्हणजे लंडनमधल्या वकिलांच्या संस्थांची, प्रवेशपुस्तके. त्यांत 'अमक्याचा दुसरा मुलगा' असे स्पष्ट लिहिलेले असते. मुलींसाठी अविवाहित आत्या-मावश्यांची मृत्युपत्रे पाहावीत, त्या प्रत्येक भाचीला काहीतरी ठेवतात आणि तिचे सासरचे नाव सांगतात. जिवंत माणसांची नावे-पत्ते मात्र जाहीर यादीत घालू नयेत.

आईबाप दोघांकडून आलेला डीएनए तपासणारी नेहमीची चाचणी जवळच्या पिढ्यांसाठी उपयोगी आहे. पाचव्या पायरीच्या चुलत भावंडांत बहुतेक वेळा काहीच जुळत नाही, तेव्हा तिने १२१५ गाठायची आशा धरू नये.

उरली भारतातली बाजू, आणि इंग्लंडातले छापील कोश नेमके तिथेच गप्प बसतात. चार्ल्सनी १७९९ मध्ये चित्रकार जेम्स वेल्सची मुलगी सुझॅना हिच्याशी लग्न केले आणि त्यांना आठ मुलगे झाले. पण पुण्याच्या काळात अंबर कौर या भारतीय स्त्रीपासूनही त्यांना मुले झाली होती. तीही त्यांचेच वंशज आहेत आणि यादीत त्यांची जागा असलीच पाहिजे. यासाठी ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिस दफ्तर उघडावे लागते. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, विवाह आणि दफने यांच्या नकला एन/३ या मालिकेत १७०९ पासून आहेत. बंगालची मालिका एन/१, मद्रासची एन/२. अशा मुलांच्या नोंदीत बापाचे नाव बहुधा असते, आईचे गाळलेले असते किंवा नुसते 'नेटिव्ह स्त्री' म्हटलेले असते. म्हणून पुढे बापाचे, मग त्याच्या भावांचे आणि मित्रांचे मृत्युपत्र वाचायचे. अनौरस मुलासाठी तिथे 'नॅचरल' हा शब्द येतो, आणि कधीकधी आईला नेमून दिलेल्या रकमेबरोबर तिचे नावही येते.

कंपनीच्या मुलकी नोकरीत शिरलेल्यांसाठी त्याच दफ्तरातली जे/१ मालिका पाहावी. १७४९ ते १८५६ मधले उमेदवारांचे अर्ज तिच्यात आहेत. वय सिद्ध करायला प्रत्येकाला बाप्तिस्म्याचा दाखला जोडावा लागे. ह्यू आणि आर्थर दोघेही मुलकी नोकर, तेव्हा त्यांचा शोध गावच्या रजिस्टराआधी इथे घ्यावा. सैन्यातल्या उमेदवारांचे कागद एल/एमआयएल/९ मध्ये मिळतात. इंग्लंडच्या जनगणनेत कोणाच्या जन्मस्थळापुढे 'ईस्ट इंडीज, बॉम्बे' दिसले, की त्याच दिवशी एन/३ ची सूची काढावी. त्या माणसाच्या नावाचा बाप्तिस्मा इंग्लंडातल्या पॅरिशांत शोधत बसण्यात महिने जातात.